अठ्ठावन्न

पाटीवर पंचाहत्तर लिहिलंय.
पाटीचं काय, ती जागची हलत नाही.

माझ्या मागे एकतीस फुटांचं घर आहे.
त्यात चार ताटं, पंच्यात गुंडाळलेली,
आर्विडच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा,
टाकीत हिंदकळणारं अर्धंमुर्धं पाणी,
आणि फ्रिजच्या दाराला मी लावलेली चिकटपट्टी,
जी लारामीच्या चढावरच सुटली असणार.
सगळं मिळून साडेसात हजार पौंड.
ओगलालाच्या ट्रकतळावर काट्यावर चढवून घेतलं,
पावती सनव्हायझरला खोचली आहे.
टायरवर बारीक अक्षरात ताशी पासष्ट.
ते वाचायला मी गुडघ्यांवर बसले होते,
पुढच्या जन्माचं भविष्य वाचावं तशी.

चाळीस वर्षं आर्विडनं धान्याचे ट्रक हाकले.
बहात्तरच्या खाली त्याचा पाय यायचा नाही.
पुढे कुणी सावकाश दिसलं की म्हणायचा,
"झोपलाय. उठवा त्याला कुणीतरी."
फेब्रुवारीत त्याच्या नजरेची उजवी बाजू पुसली गेली,
फळा अर्धा पुसावा तशी.
आता तो माझ्या शेजारी बसतो.
उजवीकडच्या कुरणातली हरणं त्याला दिसत नाहीत.
डावीकडे मी दिसते,
आणि वेगाचा काटा.

काल तो म्हणाला, "मर्ना, मागे रांग लागली."
मी म्हटलं, "लागू दे."
आज सकाळी तोच म्हणाला, "थोडं ढकल."
आणि मी ढकललं, खोटं कशाला बोलू,
साठ, बासष्ट, चौसष्ट,
रस्ता सरळ होता, कॉफी चांगली होती.

आर्लिंग्टनपाशी दिव्यांची पाटी: झोत पन्नास मैल.
वाऱ्याची नारिंगी पिशवी काठीला आडवी ताणलेली.
तेवढ्यात डावीकडून तो दुमजली गाईंचा ट्रक.
त्यानं आधी आम्हाला ढकललं,
मग कुशीत ओढलं,
मग सोडून दिलं.
आणि घर हलायला लागलं.

आरशात पांढरी भिंत एकदा या बाजूला,
एकदा त्या बाजूला,
हत्ती पुढे आणि शेपूट त्याला फिरवतंय.
पायाला ब्रेक हवा होता,
सगळ्या अंगाला ब्रेक हवा होता.

"पाय काढ," आर्विड म्हणाला.
ओरडला नाही. मीठ दे म्हणावं तसं.
आणि त्याचा हात, ज्याला शर्टाचं बटण सापडत नाही,
माझ्या गुडघ्याजवळच्या त्या छोट्या खिट्टीवर गेला
आणि मागचे ब्रेक, फक्त मागचे,
त्यानं हळूहळू दाबले.
झोपलेल्या पोराच्या हातातून खेळणं काढतात तसे.

भिंत आरशात आपल्या जागी आली.
मला वाटतं मी श्वास रॉक रिव्हरच्या फाट्यावर सोडला होता,
तो तिथून चालत परत आला.

पंचावन्न. छप्पन्न.
अठ्ठावन्नवर मी पाय थांबवला.
मागे कुणीतरी हॉर्न दाबून धरला,
मग गेला, जाताना हातवारे केले,
मागच्या सीटवर एक मूल होतं, त्यानं मात्र टाटा केला.

बऱ्याच वेळानं आर्विड म्हणाला,
"एकोणनव्वद साली, नॉर्थ प्लॅटच्या पुढे,
पोरं मागे झोपली होती.
आपण खड्ड्याच्या काठावर जाऊन थांबलो.
हरीण आडवं आलं, असं मी तुला सांगितलं."

"हो."

"हरीण नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.
"ऐंशीवर होतास. मी जागी होते."

तो खिडकीकडे वळला,
जिथे त्याला काहीच दिसत नाही,
आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

मागे फ्रिजचं दार उघडं असणार,
लोणच्याची बरणी जमिनीवर.
रॉलिन्स अजून साठ मैल.
म्हणजे तासाहून जरासं जास्त.